हातातला मेटल डिटेक्टर बिघडलाय? काय स्वतः उघडायचं आणि काय सर्व्हिसला द्यायचं

मिक्सर बिघडला तर चटणी वाटली जात नाही आणि घरात सगळ्यांना लगेच कळतं. मेटल डिटेक्टरचं तसं नाही. तो अर्धवट बिघडला तरी दिवा लागतो, पहारेकरी तो अंगावरून फिरवत राहतो, रांग पुढे सरकते आणि खिशातला चाकू वाजतच नाही. त्यामुळे ‘हा घरी दुरुस्त करता येईल का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दुरुस्तीनंतर तो नीट पकडतोय हे तुम्ही दाखवू शकाल का? दाखवता येत असेल तर जरूर उघडा. नसेल तर सर्व्हिसला द्या.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आणि पुण्यात पेठेत दुरुस्तीचं दुकान चालवते. मंगल कार्यालयं, गणेश मंडळं, परीक्षा केंद्रं, सिक्युरिटी एजन्सी, सगळ्यांचे हातातले डिटेक्टर माझ्या टेबलावर येतात. पोलीस आणि सिक्युरिटीवाले त्याला एचएचएमडी, म्हणजे हँड हेल्ड मेटल डिटेक्टर म्हणतात. इथे मी त्याच बॅटरीवर चालणाऱ्या, तार नसलेल्या दांड्याबद्दल लिहितेय. दारातल्या चौकटीचा विषय वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी दोन शब्द.

आत काय चालतं ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे कुठे हात घालायचा आणि कुठे नाही ते समजेल. दांड्याच्या रुंद भागात तांब्याच्या इनॅमल तारेची कॉइल असते. बोर्डावरचा ऑसिलेटर त्या कॉइलमधून सतत उलटसुलट प्रवाह खेळवतो आणि कॉइलभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू जवळ आला की त्या धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात, ते कॉइलची थोडी ऊर्जा खातात आणि ऑसिलेटरचा तोल किंचित ढळतो. सर्किट हा ढळलेला तोल ओळखतं आणि बझर वाजवतं. सगळा खेळ त्या ‘किंचित’वर आहे. बॅटरी उतरली, ओल शिरली किंवा कॉइलची तार जराशी सरकली, तर होणारा फरक धातूमुळे होणाऱ्या फरकाएवढाच असू शकतो.

झाकण उघडायच्या आधी

बरेचसे दांडे ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतात. बॅटरीवर ६एफ२२ लिहिलं असेल तर ती साधी झिंक-कार्बन, ६एलआर६१ लिहिलं असेल तर अल्कलाइन. दोन्हींच्या आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी दमला तरी सगळी बॅटरी दमते, आणि नुसता मीटर (व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर) लावून ते कळत नाही.

मध्यंतरी एका कार्यालयाचे वॉचमन काका आले. म्हणाले, “ताई, कालच नवी बॅटरी टाकली, तरी टकटक करतो नि बंद पडतो.” बॅटरी बाहेर काढून मीटर लावला तर साडेआठच्या वर व्होल्टेज, म्हणजे दिसायला ठीक. मग ती परत दांड्याला जोडली, दांडा चालू केला आणि क्लिपच्या मागच्या रिव्हेटांवर मीटरच्या पिना टेकवून किल्ली जवळ नेली. बझर वाजायला लागला आणि व्होल्टेज धाडकन सहाच्या खाली. तेवढ्यात सर्किट बंद पडलं, बझर थांबला, व्होल्टेज पुन्हा वर आलं, परत बझर. त्यांची टकटक म्हणजे हेच चक्र. “काका, बॅटरी तुमच्यासाठी नवी असेल, पण दुकानाच्या फळीवर ती किती दिवस पडून होती कुणास ठाऊक.” अल्कलाइन टाकली आणि काम झालं. बॅटरी नेहमी अशीच, दांडा वाजत असताना मोजायची. वाजताना साडेसातच्या खाली जात असेल तर बदलून टाका.

आता यातली एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. काही दांड्यांना चार्जरची पिन असते. त्यात रिचार्जेबल, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी येते, तिच्यावर बहुधा ८.४ व्होल्ट छापलेलं असतं. ती दोनेक वर्षांत दमते, मग कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी ९ व्होल्टची बॅटरी आणून बसवतं, आणि रात्रपाळीचा माणूस सवयीने चार्जर लावून झोपतो. साधी बॅटरी चार्ज करण्यासाठी नसते. ती तापते, फुगते, गळते, फुटूही शकते. साधी बॅटरी घालावीच लागली तर त्याच क्षणी चार्जरच्या पिनेवर जाड चिकटपट्टी लावा आणि चार्जर कुलपात ठेवा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, पाळी बदलली की निरोप हरवतो.

दांडा सारखाच वाजत असेल तर आधी आजूबाजूला पाहा. लोखंडी टेबल, हातातलं कडं, शेजारी चालू असलेला दुसरा डिटेक्टर, खांद्यावरचा वॉकीटॉकी, यातलं काहीही पुरतं. पायांजवळ नेल्यावरच वाजत असेल तर स्लॅबमधली सळई वाजतेय, दांडा नाही. मोकळ्या मैदानात, हातातलं सगळं काढून, एकदा चालवून बघा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

झाकण उघडल्यावर

वॉरंटीचं सील असेल तर उघडू नका, इथे चर्चाच नाही. सील नसेल तर बॅटरी काढा, स्क्रू काढा (एखादा स्क्रू हमखास स्टिकरखाली लपलेला असतो, बोटाने दाबलं की खड्डा लागतो) आणि काहीही हलवायच्या आधी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. कुठली तार कुठे, कॉइलचे पदर कसे वळलेत, गोंद कुठे लावलाय, सगळं दिसलं पाहिजे. दोन्ही अर्धी झाकणं हळू उघडा. वरच्या अर्ध्या भागाला बझर किंवा व्हायब्रेशनची मोटर चिकटवलेली असते आणि तिच्या तारा केसासारख्या बारीक असतात.

सगळ्यांत जास्त वेळा तुटलेली सापडते ती बॅटरीच्या क्लिपची लाल तार. पहारेकरी बॅटरी बदलताना क्लिप तारेला धरून ओढतो, आणि तार प्लास्टिकच्या आवरणाच्या आत, रिव्हेटपाशी तुटते. बाहेरून अखंड दिसते. मीटर कंटिन्युइटीला लावून तार हलवा, बीप येत-जात असेल तर निदान झालं. नवी क्लिप तपकीर गल्लीत दहा-वीस रुपयांत मिळते, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावं. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनवालं सोल्डर पुरेसं आहे. जुनी तार वितळवून काढा, नवीचं टोक आधी टिन करा, म्हणजे त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा, मग जोडा. शेवटी तारेला एक गाठ मारून किंवा ग्लूगनचा थेंब टाकून ती केसला पकडून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ओढ सांध्यावर येणार नाही.

क्लिप मिळाली नाही म्हणून जुन्या बॅटरीची टोपी कापून क्लिप करणारे बरेच असतात. तसं करायला हरकत नाही, पण त्या टोपीवर प्लस-मायनस उलटे होतात. बॅटरीच्या टोपीचं गोल, छोटं बटण हे बॅटरीचं प्लस असतं. तेच बटण क्लिप म्हणून वापरलं की ते समोरच्या बॅटरीच्या मोठ्या, षटकोनी टोकात, म्हणजे मायनसमध्ये जाऊन बसतं. म्हणून गोल बटणाला काळी तार आणि षटकोनी टोकाला लाल. इथे गफलत झाली आणि बोर्डावर संरक्षक डायोड नसला तर क्षणात आयसी (बोर्डावरची चिप) जातो, आणि दहा रुपयांचं काम नव्या दांड्यावर जाऊन थांबतं.

बॅटरीच्या खणात पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर बॅटरी गळलीय. अल्कलाइनची गळती अल्कधर्मी असते, ती कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसायची. झिंक-कार्बनची गळती आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचं. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि द्रव ओतू नका, बोळा फक्त ओलसर हवा. थर तारेच्या आत चढला असेल, म्हणजे आवरण सोलल्यावर तांबं काळं दिसत असेल, तर तिथे सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा किंवा तारच बदला.

दिवा लागतो, पण आवाज नाही? बझर बदलायची घाई करू नका. ज्या दांड्यांना इअरफोनचं भोक असतं त्यात जॅकच्या आत एक पातळ पट्टी असते. पिन आत गेली की ती पट्टी उचलली जाते आणि बझरचं कनेक्शन तुटतं. धूळ किंवा गंजामुळे ती उचललेलीच राहिली तर बाहेर पिन नसतानाही दांड्याला वाटतं इअरफोन लावलाय. कुठलीही योग्य मापाची पिन चार-सहा वेळा आत-बाहेर करा, आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा. इतकं करून बझर ओरडायला लागतो तेव्हा माणसांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आवाज आणि व्हायब्रेशन यांत निवड करणारा सरकता स्विच असेल तर तोही बघा, अनेकदा तो मधेच अडकलेला असतो. स्विचवरही तोच फवारा, आणि बॅटरी काढलेली असताना पंधरा-वीस वेळा पुढे-मागे.

व्हायब्रेशन गेलं असेल तर मोटरची तार तुटलेली असते किंवा मोटर गोंदातून सुटून तिचं वजन केसला अडकतं. तार जोडा, मोटर पुन्हा चिकटवा, गोंद फिरत्या भागाला लागू देऊ नका.

इतपत कामं घरी करा. क्लिप, खण, स्विच, जॅक, बझर, मोटर, तडा गेलेला केस. हे सगळं कॉइल आणि ऑसिलेटरच्या बाहेरचं आहे, इथे हात लावल्याने पकडण्याची ताकद बदलत नाही.

इथे थांबा

कॉइल. दांडा पडला, केसच्या टोकाला तडा गेला आणि तेव्हापासून गप्प आहे किंवा सतत वाजतोय, तर संशय कॉइलवर. बॅटरी काढून कॉइलच्या दोन टोकांना मीटर लावा. काही ओहम दाखवले तर तार अखंड आहे. काहीच दाखवलं नाही तर बोर्डावर कॉइल जिथे जोडलीय तो सांधा भिंगाने बघा. सांधाच सुटला असेल तर तारेच्या टोकावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने खरवडून तो परत जोडता येतो. पण तार आत, गोंदात तुटली असेल तर सोडून द्या. घरी गुंडाळलेली कॉइल वाजेल, त्यात शंका नाही. ती मूळ कॉइलइतकी आणि दांड्याच्या सगळ्या लांबीवर सारखी वाजेल का, हे घरी ठरवता येत नाही. स्वस्तातला, दीड-दोन हजारांचा दांडा असेल तर कॉइल गेल्यावर नवा घ्या. महागाचा असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

कॉइलच्या शेजारचे कपॅसिटर. ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी कॉइल आणि हे कपॅसिटर मिळून ठरवतात, म्हणून ते तापमानाने न बदलणाऱ्या जातीचे असतात. तेवढ्याच कपॅसिटन्सचा साधा सिरॅमिक डिस्क लावला तर सकाळी दांडा झकास चालतो आणि दुपारी उन्हात तापला की आपोआप वाजायला लागतो, किंवा त्याहून वाईट, बहिरा होतो. मूळ जातच माहीत नसेल तर बदलू नका.

केसच्या भोकातून दिसणारा बारीक स्क्रू, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा प्रीसेट. यूट्यूबवर बघून तो फिरवणारे बरेच. दांडा सारखा वाजतोय म्हणून स्क्रू मागे फिरवला की शांतता होते, आणि मालक खूश. पण बिघाड ओलीचा किंवा बॅटरीचा असतो, आणि शांत केलेला तो दांडा आता फक्त मोठा धातूच पकडतो. फिरवायचाच असेल तर आधी मार्करने मूळ जागेची खूण करा, पाव वळसा फिरवा आणि खाली दिलीय ती चाचणी करा. चाचणी करणार नसाल तर हात लावू नका.

पावसात भिजलेला दांडा बॅटरी काढून, उघडून, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, कॉइलचा गोंद मऊ होतो आणि तार सरकते. वाळल्यावरही वागणं बदललेलं असेल तर सर्व्हिसला द्या. आणि ज्यात लिथियमची बॅटरी आतच बसवलेली आहे व ती फुगलीय, तो अजिबात उघडू नका.

जमिनीखालचं शोधणारे काही डिटेक्टर खऱ्या अर्थाने वायरलेस असतात, डिटेक्टर आणि हेडफोन यांच्यात रेडिओने बोलणं चालतं. त्यात सीलबंद कॉइल आणि रेडिओचा भाग घरी उघडायचा नाही, चार्जिंगच्या पिना पुसणं इतकंच आपलं. (असा डिटेक्टर गाडलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायला उत्तम. धन शोधायला निघणाऱ्यांना मात्र १८७८ चा निखात निधीचा कायदा माहीत हवा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

चाचणी

लाकडी टेबल घ्या, ज्याला लोखंडी चौकट नाही असं. हा मुद्दा जुना आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र बनवून आणलं होतं. पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ घातला, शिवाय डॉक्टरांनी त्यांना उजवीच बाजू तपासू दिली, आणि गोळी डावीकडे होती. यंत्रात दोष नव्हता. म्हणून आधी टेबल रिकामं करा, घड्याळ-अंगठी काढा, मोबाइल लांब ठेवा.

चाचणीला चार वस्तू लागतात, आणि त्या कायम त्याच हव्यात. एक स्टीलची किल्ली, एक दुमडता चाकू, पाच रुपयांचं पितळी रंगाचं नाणं, आणि जिला चुंबक चिकटत नाही असा स्टेनलेस स्टीलचा चमचा. शेवटची वस्तू मुद्दाम ठेवायची. तसं स्टील चुंबकाला दाद देत नाही आणि वीजही फारशी चांगली वाहून नेत नाही, त्यामुळे डिटेक्टरला ते अवघड जातं. कमजोर झालेला दांडा किल्लीला वाजतो आणि चमच्याला चुकतो.

दांडा चालू करून पंधरा मिनिटं तसाच ठेवा. आपोआप वाजला तर तो तयार नाही. मग प्लास्टिकची पट्टी उभी धरून वस्तू वरून हळूहळू खाली आणा आणि बीप सुरू होते ती उंची वहीत लिहा. हे दांड्याच्या टोकाशी, मधे, दोन्ही कडांना आणि मागच्या बाजूने करा. त्याच मॉडेलचा चांगला दांडा तुमच्याकडे असेल तर त्याची उंची शेजारी लिहा, खरी तुलना तीच. दोन दांडे एकाच वेळी चालू ठेवू नका. आकडे जवळपास सारखे आले तर एकदा शर्टाच्या खिशात चाकू ठेवलेल्या माणसावर नेहमीच्या वेगाने फिरवून बघा. त्यानंतर उन्हात पंधरा मिनिटं ठेवून सगळं पुन्हा. गेटवर दांडा उन्हातच उभा असतो.

चांगला दांडा नसेल तर काय? तर तुमचा दांडा बिघडायच्या आधीच, आज, ही वही सुरू करा. एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दांड्यांवर नंबर टाकून अशी वही ठेवलीय. कुठला दांडा मुका होत चाललाय ते त्यांना माझ्याआधी कळतं, मला फार बरं वाटतं ते बघून.

सर्व्हिसला देताना

‘चालत नाही’ इतकंच सांगून देऊ नका. कधीपासून, पडला की भिजला, सतत वाजतो की कधीच नाही, बॅटरी कुठली होती, तुम्ही काय उघडलं, सगळं कागदावर लिहा. स्वतः काही जोडलं असेल तर लपवू नका, कारण आम्ही तोच सांधा आधी तपासतो आणि वेळ वाचतो. दांड्याच्या सिरियल नंबरचा फोटो ठेवा. बॅटरी काढून मगच कुरियर करा.

परत घेताना तीन गोष्टी मागा. बदललेले जुने भाग, काय बदललं त्याची बिलावर नोंद, आणि चाचणी कशी केली ते. “चेक केलंय, चालतंय” हे उत्तर घेऊ नका. कुठल्या वस्तूला किती अंतरावर वाजतो ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. चांगला कारागीर ते आनंदाने दाखवतो. जो टाळतो त्याच्याकडे पुढच्या वेळी जाऊ नका. दुरुस्तीचा खर्च नव्या दांड्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आधी फोन करा, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आणि आषाढातच द्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक सर्व्हिसवाल्याकडे रांग असते, आणि घाईत सगळ्यांत आधी चाचणीच कापली जाते.

दारातली चौकट, म्हणजे डीएफएमडी (डोअर फ्रेम मेटल डिटेक्टर), घरी उघडायची नाही. आत २३० व्होल्ट असतात आणि वेगवेगळ्या उंचीचे झोन एकमेकांशी जुळवलेले असतात. तुम्ही इतकंच करा: खालची जमीन हलत नाही ना, जवळ लोखंडी कपाट किंवा बॅरिकेड सरकवलेलं नाही ना, वायर कुणाच्या पायाखाली येत नाही ना, हे बघा. चौकट बंद पडली तर दुरुस्त होऊन येईपर्यंत प्रत्येकाची हातातल्या दांड्याने तपासणी करावी लागेल, तेव्हा तपासलेला एक दांडा आणि अल्कलाइनच्या दोन बॅटऱ्या पाकिटासकट गेटच्या खणात ठेवा.